रिपोर्टवर 'अनुज्ञेय मर्यादेत' लिहिलंय, तरी फ्लोराइडची काळजी करावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. किनवट तालुक्यातल्या तुमच्या घरच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.३८ मिलिग्रॅम प्रति लिटर निघालं. रिपोर्टवर शेरा आहे 'अनुज्ञेय मर्यादेत'. घरात १४ महिन्यांची मुलगी आहे, वडील अजून रोज शेतात जातात. आणि न्यू जर्सीतला भाऊ सांगतो की अमेरिकेत ०.७ वरून कोर्टात भांडणं झाली, दोन राज्यांनी बंदी घातली. तुमचं म्हणणं, आमचं पाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट, मग ते सुरक्षित कसं? आरओ बसवायचा का? टूथपेस्ट बदलायची का?

मी २४ वर्षं पिण्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी करते आहे, बहुतेक काळ पूर्व विदर्भात आणि यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरच्या गावांत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाचं दुखणं फ्लोराइडमुळे आहे की नाही हे मी सांगणार नाही. पण रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा हे मला सांगता येतं, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे.

उत्तर आधी देते. मुलीचं पिण्याचं आणि तिचं जेवण शिजवायचं पाणी बदला, त्याला उशीर करू नका. वडिलांसाठी घाबरण्याचं कारण नाही, पण उन्हाळ्यात तेही याच पाण्यावर नसले तर बरं. आंघोळ, धुणं, भांडी, गुरं यांच्यासाठी बोअरचं पाणी निःशंक वापरा. आता हे असं का, ते सांगते.

तुमच्या रिपोर्टमागे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक आहे. त्यात फ्लोराइडसाठी दोन आकडे आहेत. १.० ही स्वीकारार्ह मर्यादा. १.५ ही अनुज्ञेय मर्यादा, आणि तिच्यासोबत एक अट आहे: पर्यायी स्रोत उपलब्ध नसेल तरच. रिपोर्टवर शेरा मारताना ही अट बहुतेक वेळा गळते. जागा लहान असते, शिक्का तयार असतो. त्यामुळे घरी रिपोर्ट नेणाऱ्याला वाटतं की १.५ च्या आत म्हणजे पास. मानकाचं म्हणणं वेगळं आहे. दुसरं पाणी मिळतच नसेल तर हे चालवून घ्या, मिळत असेल तर १.० च्या वरचं पिऊ नका, असं ते सांगतं. म्हणून 'पास की नापास' याच्या आधी 'गावात दुसरं पाणी आहे का' हे विचारायला हवं.

आता भावाच्या बातम्यांकडे येऊ, कारण तिथे तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले आहेत.

अमेरिकेत पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळतात, दात किडू नयेत म्हणून. १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात ही सुरुवात झाली. १९६२ च्या शिफारशीत मात्रा ०.७ ते १.२ अशी होती आणि ती हवामानावर ठरायची: थंड भागात जास्त, उष्ण भागात कमी, कारण उष्ण भागातली माणसं पाणी जास्त पितात. २०१५ मध्ये सगळीकडे ०.७ केलं. म्हणजे ०.७ ही मिसळायची मात्रा आहे. धोक्याची रेषा म्हणून तो आकडा ठरवलेलाच नव्हता. तिथली कायदेशीर कमाल मर्यादा ४.० आहे, १९८६ पासून. हाडं वाकवून माणसाला अपंग करणारा फ्लोरोसिस टाळायचा, एवढ्याच हेतूने ती ठरवली होती. २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने ती कमी करा असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि १.५ हा जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा. तो सुचवताना संघटनाच सांगते की प्रत्येक देशाने आपलं हवामान, लोक किती पाणी पितात आणि फ्लोराइड आणखी कुठून येतं हे पाहून स्वतःचा आकडा ठरवावा.

म्हणजे 'तिकडे ०.७ वर भांडण आणि इकडे १.५ चालतं' ही तुलना सरळ नाही. त्यांचा वाद मिसळायचं की नाही यावर आहे. आपल्याकडे कुणीही पाण्यात फ्लोराइड मिसळत नाही. ते खडकातून येतं आणि आपल्याला काढावं लागतं.

पण म्हणून तिकडचा वाद आपल्या कामाचा नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने बरीच वर्षं चाललेला आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की १.५ च्या वर फ्लोराइड असलेल्या पाण्याइतका संपर्क आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध आहे, असं मध्यम खात्रीने म्हणता येतं. उत्तम दर्जाच्या १९ अभ्यासांपैकी १८ मध्ये हा संबंध दिसला. ०.७ बद्दल काही म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हेही त्यांनीच लिहिलं. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातले फेडरल न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी निकाल दिला की ०.७ मध्येही कायद्याच्या भाषेतली 'अवाजवी जोखीम' आहे आणि तिथल्या सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यावर काहीतरी करायला हवं. अपाय निश्चित होतोच, असं आपण म्हणत नसल्याचं त्यांनी निकालातच लिहिलं. त्यांचा मुद्दा अंतराचा होता. ज्या पातळीवर अपाय दिसतो आणि ज्या पातळीवर लोक पाणी पितात, यांच्यात पुरेशी मोकळी जागा हवी. विषविज्ञानात साधारण दहापट अंतर धरण्याची पद्धत आहे. २०२५ मध्ये आधी युटा आणि मग फ्लोरिडाने मिसळणं बंद केलं. दुसरीकडे कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये बंद केलेलं फ्लोराइड २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण मधल्या काळात मुलांच्या दातांची कीड वाढलेली दिसली. तिथे दोन्ही बाजूंना गंभीर माणसं आहेत.

आता हे सगळं आपल्या गावात आणून बघा. तिकडे वाद आहे की ०.७ आणि १.५ यांच्यातलं अंतर पुरेसं आहे का. आपली अनुज्ञेय मर्यादाच १.५ आहे, म्हणजे आपल्याकडे अंतर उरलेलंच नाही. माझी ठाम भूमिका अशी आहे की १.५ हा आकडा नाइलाजाचा आहे आणि तो नाइलाज म्हणूनच रिपोर्टवर लिहिला जायला हवा.

मग मर्यादा सरसकट १.० किंवा त्याहून खाली का आणत नाहीत? मी तरुण असताना मलाही हे साधं वाटायचं. पण ज्या वस्तीत एकच हापसा आहे आणि त्याला १.३ फ्लोराइड आहे, तिथे हापशाला 'पिऊ नका' म्हणून लाल रंग दिला तर लोक नाल्याचं किंवा उघड्या डबक्याचं पाणी आणतात. फ्लोराइड वर्षानुवर्षांनी त्रास देतं, नाल्याच्या पाण्याने लेकरू आठवड्यात जुलाबाने आडवं होतं. मानकात दोन आकडे ठेवण्यामागे हा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. चूक होते ती पर्याय शोधण्याचं काम अनुज्ञेय शब्दावर थांबतं तेव्हा.

आता आकड्यावरून माणसाकडे या. मर्यादा लिटरमागे असते, पण शरीराला लिटरशी देणंघेणं नसतं. दिवसाला एकूण किती मिलिग्रॅम पोटात गेलं, कितव्या वर्षी आणि किती वर्षं, यावर सगळं ठरतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९७ मध्ये दिवसाच्या कमाल सेवनाचे आकडे दिले: १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी १.३ मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षांसाठी २.२, त्यापुढे १०. तुमची मुलगी पाणी, वरण, पेज, पातळ खिचडी सगळं धरून दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी घेत असेल, तर फक्त पाण्यातूनच १.३८ झाले. म्हणजे ती रेषेवर आहे किंवा किंचित पुढे. तुमचे वडील एप्रिल-मेच्या उन्हात पाच-सहा लिटर पाणी पीत असतील, तर ७ ते ८ मिलिग्रॅम. त्यात दिवसाचे चार कप चहा मिळवा. चहाच्या पत्तीत फ्लोराइड चांगलंच असतं. तरी ते १० च्या आत राहतात, पण फार आत नाही. आणि न्यू जर्सीतला तुमचा भाऊ ०.७ चं दोन लिटर पाणी प्यायला तर १.४ मिलिग्रॅम. एका मोठ्या माणसाच्या पोटात तिकडे जेवढं जातं, तेवढं इकडे तुमच्या १४ महिन्यांच्या मुलीच्या पोटात जातंय. भावाच्या बातमीपेक्षा ही तुलना मला जास्त महत्त्वाची वाटते.

मुलीबद्दल मी एवढी आग्रही का, त्यामागे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथे शाळेत पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. एका घरातला मोठा मुलगा सातवीत होता, दात पांढरेशुभ्र. त्याची बहीण दुसरीत, नुकतेच आलेले पक्के दात खडूसारखे, त्यावर पिवळट-तपकिरी आडव्या रेषा. आई म्हणाली, मुलगी दात नीट घासत नाही. मी घरी गेले तेव्हा कळलं की मुलगा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत घर आडाचं पाणी पीत होतं. मग दारात बोअर झाला आणि मुलीचा जन्म बोअरनंतरचा. आडाला फ्लोराइड १ च्या आत, बोअरला २ च्या वर. दोन्हींत अंतर हाकेच्या टप्प्याचं. पक्क्या दातांचं एनॅमल जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असतं. त्या काळात जे पाणी प्यायलं त्याची नोंद दातावर राहते आणि घासून जात नाही. ती मुलगी हसताना ओठ मिटून घ्यायची, ते मी विसरलेले नाही.

आड आणि बोअरमध्ये एवढा फरक का, हे समजलं तर तुमच्या गावातही शोध घेता येईल. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, बेसाल्टचा, आणि त्यात फ्लोराइड सहसा कमी. किनवट, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक वर येतात, त्यातल्या अभ्रक, अपेटाइट, फ्लोराइट अशा खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात राहिलेलं, तितकं जास्त. आडाचं पाणी दर पावसाळ्यात नवं होतं. शिवाय फ्लोराइडला कॅल्शियम आवरून धरतं. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असेल तर फ्लोराइड मोकळं सुटतं. म्हणून फ्लोराइडचं पाणी बहुधा हलकं असतं, साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते, चवीला काही खोट नसते. 'आमच्या बोअरचं पाणी गोड आहे हो मॅडम' असं मला ज्या गावांत अभिमानाने सांगितलं गेलं, त्यातल्या कित्येक गावांत आकडा वाईट निघाला. तुमच्या रिपोर्टमध्ये हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या सोड्यासारख्या क्षारांचं प्रमाण) पाहा. पहिला कमी आणि दुसरा बराच जास्त असेल, तर पुढच्या वर्षांत फ्लोराइड आणखी वाढण्याची शक्यता मी गृहीत धरेन.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, १.३८ हा आकडा विष प्यायल्यासारखं घाबरण्याचा नाही, पण लहान मुलासाठी चालवून घेण्याचाही नाही. आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे एका रिपोर्टवर मोठा खर्च करू नका. तपासणीत थोडा इकडेतिकडे फरक पडतोच, आणि पाणीही ऋतूनुसार बदलतं. मे अखेरीस एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नमुना द्या. बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको, त्याच पाण्याने तीनदा खळबळून भरा, बोअर पाच-दहा मिनिटं चालवल्यावर भरा. जल जीवन मिशनखाली पाणीपुरवठ्याच्या सरकारी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांना माफक शुल्कात तपासणी करून देतात. गावात प्राथमिक तपासणीचा किट वापरायला महिलांना प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यांना गाठा. किटचा रंग अंदाजापुरताच, पण कुठल्या हापशाचं पाणी आधी प्रयोगशाळेत पाठवायचं हे त्यावरून कळतं.

त्याच दिवशी आसपासच्या आडाचं आणि नळयोजनेचं पाणीही तपासायला द्या. नळयोजना नदी किंवा धरणावरची असेल तर फ्लोराइडचा प्रश्न बहुधा सुटलाच. आड चांगला निघाला तर त्याचं पाणी जंतूंसाठी मात्र उकळून किंवा क्लोरीन टाकून घ्या. इथे एक गैरसमज दूर करते, कारण त्याने नुकसान होतं: उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. कँडलचा फिल्टर, यूव्ही, मडकं, तांब्याचा हंडा यांतल्या कशानेही ते निघत नाही.

आरओने निघतं. पर्यायी पाणी नसेल तर तुमच्या घरासाठी तो योग्य उपाय आहे. पण घेताना विचारा की त्यात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, जुळवायचा स्क्रू आहे का. चव यावी म्हणून त्या स्क्रूतून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात सोडतात आणि त्याबरोबर फ्लोराइडही परत येतं. टीडीएस मीटरवरून फ्लोराइड कळत नाही, त्यामुळे बसवल्यावर आरओचं पाणी एकदा प्रयोगशाळेत द्या आणि पुढे वर्षाला एकदा. त्याचं टाकाऊ पाणी आडात किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात सोडू नका, फ्लोराइड त्यातच साठलेलं असतं. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर तेही उत्तम, त्यात फ्लोराइड नसल्यासारखंच.

नालगोंडा पद्धतीबद्दल कुणी सांगेल. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली ही तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडरची पद्धत. ती चांगली आहे, पण तुरटीची मात्रा अल्कलिनिटीवर ठरते. अंदाजाने टाकली तर फ्लोराइड निघत नाही आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र पाण्यात राहतं. १.३८ साठी घरच्या घरी हे करू नका. हापशाला जोडलेल्या, फ्लोराइड शोषून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांच्या टाक्यांबद्दलही सावध राहा. मी अशी एक टाकी तपासली होती, निळा रंग, वर 'शुद्ध पाणी' लिहिलेलं. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी, दोन्हींत फ्लोराइड सारखंच. आतला थर काही महिन्यांनी कॉस्टिक सोड्याने धुऊन ताजा करावा लागतो, तो बसवल्यापासून कुणी धुतलाच नव्हता. गाव तीन वर्षं निर्धास्तपणे ते पीत होतं. टाकी नसती तर निदान लोक सावध तरी राहिले असते.

आहार. मुलगी अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवा. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, आईच्या पाण्यात ते जास्त असलं तरीही. पावडरचं दूध देत असाल तर ते मात्र बोअरच्या पाण्यात कधीच कालवू नका. दूध, दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, जोडीला आवळा किंवा पेरू: कॅल्शियम पोटात फ्लोराइडला बांधून ठेवतं आणि शोषण कमी होतं. कुपोषित मुलांना त्याच पाण्याचा त्रास जास्त होतो, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आणि इतरांच्या कामातून बरीच वर्षं दिसत आलंय. मुलांना चहा देऊ नका, अगदी बशीत ओतूनही नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही मुलीचंच पाणी द्या. बुद्ध्यांकाच्या अभ्यासांत आईच्या गरोदरपणातल्या फ्लोराइडचाही विचार झाला आहे.

टूथपेस्ट बंद करू नका. आपल्याकडे तिच्यात जास्तीत जास्त १००० पीपीएम (ग्रॅममागे एक मिलिग्रॅम) फ्लोराइड असू शकतं, हा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण ती दातावर लावून थुंकायची असते, आणि कीड रोखण्याचं तिचं काम दातावरच होतं. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम, पूर्ण गिळली तरी पाव मिलिग्रॅम. मोठ्यांनी आणि थुंकता येणाऱ्या मुलांनी ती वापरत राहावी. तुमच्या मुलीला थुंकता येत नाही आणि तिच्या पाण्यातूनच मर्यादा भरते आहे, म्हणून पाणी बदलेपर्यंत मी तिचे दात ओल्या मऊ ब्रशने नुसतेच पुसले असते. पाणी बदलल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. दंतवैद्याकडे जाल तेव्हा रिपोर्ट सोबत न्या, आपल्या पाण्याचा आकडा त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

वडिलांचे गुडघे किंवा पाठ धरत असेल तर लगेच फ्लोराइडला दोष देऊ नका. १.३८ वर हाडांचा फ्लोरोसिस होणं मला अपेक्षित नाही, पण बोअर किती जुना आहे आणि पूर्वी आकडा किती होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोअर वीस वर्षांचा असेल आणि आधी कधी तपासलाच नसेल, तर जिल्हा रुग्णालयात विचारा. केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे, आणि त्याखाली तुमचा जिल्हा असेल तर लघवीतलं फ्लोराइड तपासून मिळू शकतं.

आडाचा आणि नळाचा रिपोर्ट आला की तिन्हींचे फ्लोराइड, हार्डनेस, अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचे आकडे इथेच टाका, बोअरची खोली किती फूट तेही लिहा. आरओ घ्यायचा की नाही, ते त्यावरून सांगते. तोवर मुलीसाठी नळाचं किंवा गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्राचं वीस लिटरचं जार आणा, दोन-तीन दिवस सहज पुरेल.